कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन तारखांची तुलना चुकते, उशिरा आलेला भरणाही वेळेत दिसतो. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देय तारीख एका फाइलमध्ये दिवस-महिना-वर्ष अशा आठ अंकांत आहे, भरणा तारीख दुसऱ्या फाइलमधून वर्ष-महिना-दिवस अशा सहा अंकांत येते. दोन्ही फील्ड न्यूमरिक आहेत. सरळ 'इफ' लावला, तर उशिरा भरलेले रेकॉर्डही वेळेत भरल्यासारखे दिसतात. उशिराचे दिवस काढायला वजाबाकी केली, तर आकडे भलतेच येतात. मी बरीच वर्षं बॅच प्रोग्रॅमांची देखभाल करतो आहे, आणि या कामात माझा सर्वांत जास्त वेळ तारखांनीच घेतला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या 'इफ'मध्ये काहीच बिघडलेलं नाही. फील्डमध्ये तारीख आहे हे कोबोलला माहीतच नाही, त्याच्या लेखी 'पिक ९(८)' म्हणजे आठ अंकी संख्या. सहा अंकी तारीख फार तर ९९१२३१ होईल. आठ अंकी देय तारीख ०१०११९०० धरली तरी ती दहा लाखांच्या वर जाते. म्हणजे भरणा तारीख नेहमीच लहान ठरणार आणि प्रत्येक माणूस वेळेत भरणारा दिसणार. जे रेकॉर्ड बरोबर निघाले ते खरोखरच वेळेत भरलेले होते, एवढंच. नुसते अंक वाढवून आठ केले तरी भागणार नाही, कारण दिवस पुढे असेल तर ३१०१२०२३ ही ०१०२२०२४ पेक्षा मोठी ठरते.

तेव्हा पहिलं काम, दोन्ही तारखा वर्ष-महिना-दिवस अशा आठ अंकांत आणा. ग्रुप असा ठेवा:

०१ डब्ल्यूएस-देय.
   ०५ देय-वर्ष पिक ९(४).
   ०५ देय-महिना पिक ९(२).
   ०५ देय-दिवस पिक ९(२).
०१ देय-अंक रीडिफाइन्स डब्ल्यूएस-देय पिक ९(८).

'रीडिफाइन्स' म्हणजे तीच जागा दुसऱ्या नावाने वाचणं. फाइलमधले तुकडे या तीन फील्डमध्ये मूव्ह करा, भरणा तारखेसाठीही असाच ग्रुप करा आणि तुलना 'देय-अंक' व 'भरणा-अंक' वापरून करा. आजची तारीख हवी असेल तर 'मूव्ह फंक्शन करंट-डेट (१:८) टू डब्ल्यूएस-आज'. जुन्या प्रोग्रॅममधलं 'ॲक्सेप्ट डब्ल्यूएस-आज फ्रॉम डेट' दोन अंकी वर्ष देतं, ते असेल तर बदला. फील्ड कॉम्प-३ (एका बाइटमध्ये दोन अंक बसवण्याची पद्धत) असतील तर ग्रुपची ग्रुपशी तुलना अजिबात करू नका. ती बाइटमागून बाइट होते, आणि एकाच तारखेचा शेवटचा साइन निबल (चिन्ह ठेवणारा अर्धा बाइट) एकीकडे 'सी' नि दुसरीकडे 'एफ' असला की सारख्या तारखा वेगळ्या ठरतात. याच्या शोधात मी एकदा अख्खी रात्र घालवली आहे.

आता सहा अंकी तारखेतलं दोन अंकी वर्ष. 'फंक्शन डेट-टू-वायवायवायवायएमएमडीडी' शतक लावून देतं, पण ते कसं लावतं हे समजून घ्या. या फंक्शनला तारखेनंतर दुसरा आकडा दिला नाही तर ५० धरला जातो. तो चालू वर्षात मिळवून शंभर वर्षांच्या खिडकीचा शेवट ठरतो. २०२५ साली ही खिडकी १९७६ ते २०७५, म्हणून '७६' म्हणजे १९७६. तोच रेकॉर्ड २०२६ मध्ये वाचला तर '७६' म्हणजे २०७६! भरणा तारखेला हे चालेल, कारण ती आजच्या आसपासचीच असते. जन्मतारखेला मात्र कधीच चालणार नाही. तिथे दुसरा आकडा ० द्या, म्हणजे खिडकी चालू वर्षाशी संपते. त्याहून चांगलं म्हणजे एकदाच रूपांतर करून फाइलच आठ अंकी करणं.

आधी-नंतर ठरवायला एवढं पुरतं. दिवसांचं अंतर ही निराळी गोष्ट. २०२४०३०१ मधून २०२४०२२८ वजा केले तर ७३ येतात, प्रत्यक्षात दिवस आहेत दोन. इथे 'फंक्शन इंटिजर-ऑफ-डेट' हवं. ते १ जानेवारी १६०१ ला १ धरून दिवस मोजतं आणि लीप वर्षं स्वतः सांभाळतं:

कंप्यूट डब्ल्यूएस-उशीर =
   फंक्शन इंटिजर-ऑफ-डेट (भरणा-अंक)
   - फंक्शन इंटिजर-ऑफ-डेट (देय-अंक)

'डब्ल्यूएस-उशीर' हे 'पिक एस९(७)' ठेवा, 'एस' म्हणजे चिन्हासह. तो 'एस' विसरलात तर पाच दिवस आधी भरलेला माणूस पाच दिवस उशिरा भरणारा ठरेल, कारण उणे चिन्ह गुपचूप गळून पडतं. कुणाला नाहक दंड लागायला एवढं पुरे.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या संगणकावर) असाल तर आणखी एक. 'सीईईडेज' ही सेवा १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर सुरू झालं त्या दिवसापासून मोजते. तिचा आकडा आणि वरच्या फंक्शनचा आकडा यांत ६६५३ दिवसांचा फरक असतो. कंपायलरला 'इंटडेट(लिलियन)' हा पर्याय दिला तरच दोन्ही जुळतात. एका प्रोग्रॅममध्ये एकच पद्धत ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी तारीख खरी आहे का ते तपासा. यावर मी अडून बसतो. मी सांभाळत असलेल्या एका प्रणालीत 'मुदत नाही' हे दाखवायला अंतिम तारखेत आठ शून्यं ठेवलेली होती. कुणीतरी 'अंतिम तारीख आजपेक्षा लहान असेल तर खातं बंद' अशी ओळ घातली, आणि एका रात्रीत बेमुदत असलेली सगळी खाती बंद झाली. अशा फील्डमध्ये शून्य, ९९९९९९९९, स्पेस यांपैकी काय काय येतं ते आधी डेटा उघडून बघा आणि प्रत्येकाला वेगळा 'इफ' द्या. स्पेस असलेल्या फील्डवर हिशोब केला तर मेनफ्रेमवर एस०सी७ ने (अंकांच्या जागी भलताच डेटा असल्याच्या चुकीने) जॉब पडू शकतो. ते निदान लक्षात तरी येतं, शून्यांचं येत नाही. नव्या कंपायलरमध्ये 'फंक्शन टेस्ट-डेट-वायवायवायवायएमएमडीडी' मिळतं, तारीख बरोबर असेल तर ते ० देतं. तुमच्याकडे नसेल तर महिन्यांच्या दिवसांचं टेबल करून स्वतः तपासा, आणि १९०० लीप नव्हतं, २००० होतं, हे त्यात बसवा.

बदल झाल्यावर या जोड्या चालवून बघा: २८ फेब्रुवारी ते १ मार्च, २०२३ साठी १ आणि २०२४ साठी २ यायला हवेत. ३१ डिसेंबर १९९९ ते १ जानेवारी २००० साठी १. हीच शेवटची जोडी उलट दिली तर उणे १. यातली एखादी चुकली तर तुमच्या फील्डच्या व्याख्या इथे टाका, मी बघतो.