तळमजल्यावर पुराचे पाणी शिरते, हे भाडेकरूला आधी सांगणे घरमालकावर बंधनकारक आहे का?

होय, बहुतेक प्रसंगी आहे. आपण घरमालक म्हणून लिव्ह अँड लायसन्स करार (जागेत हक्क न देता केवळ राहण्याची परवानगी देणारा करार) करणार असाल, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, राहणाऱ्याला किंवा त्याच्या सामानाला धोका पोहोचवू शकणारा जो दोष आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक नाही, तो उघड करणे आपले कर्तव्य ठरते. भाडेपट्टा (जागा वापरण्याचा हक्क भाडेकरूकडे देणारा करार) असल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये साधारण तशीच तरतूद आहे. करारात वेगळे ठरलेले नसल्यास, पुरामुळे जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी ठरला, तर पट्टा रद्द मानण्याचा अधिकारही तेच कलम भाडेकरूला देते. मात्र दोन दिवस पाणी साचून ओसरले, एवढ्यावर तो मिळत नाही. व्यवहारात वाद होतात ते नेमके या दोन दिवसांवरून. म्हणून पूर्वी पाणी कुठपर्यंत चढले होते, घर राहण्यायोग्य नसेल त्या काळातील भाडे माफ होणार का आणि विजेच्या वायरिंगची दुरुस्ती कोण करणार, हे करारातच लिहावे. घराच्या इमारतीपुरता विमा भाडेकरूच्या सामानाला लागू होत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

महाराष्ट्रात यांपैकी कोणताही करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरमालकाची असून, लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.