‘सायनो’ म्हणजे सायनाइड का? नीलहरित जीवाणूंच्या नावाविषयी

सेलू येथील एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, समुद्रातील सायनोबॅक्टेरियांपासून कर्करोगावरील औषध मिळाल्याचे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने ‘कोवळ्या ज्वारीत असते तेच हे सायनाइड का?’ अशी शंका काढली. शिवाय याच सजीवांना कुठे ‘नील-हरित शैवाल’ तर कुठे ‘जीवाणू’ म्हटलेले दिसते, तेव्हा कोणता शब्द वापरावा?

शंका मराठवाड्यातील मुलाला सुचावी अशीच आहे, कारण पावसाने ताण दिलेल्या ज्वारीचे फुटवे खाऊन जनावर दगावल्याचे त्याने ऐकलेले असते. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, गडद निळ्या रंगाचा वाचक असलेला ग्रीक ‘कुआनोस’. परंतु त्यांच्या वाटा निराळ्या आहेत. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८२ मध्ये प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्यापासून एक जहाल आम्ल मिळवले. पुढे १८१५ मध्ये गे-ल्यूसॅक याने या आम्लाच्या मुळाशी असलेल्या कार्बन व नायट्रोजनच्या संयुगाला त्या निळ्यावरूनच ‘सायनोजेन’ म्हटले, आणि ‘सायनाइड’ हे नाव त्याच कुळातले. सायनोबॅक्टेरियांना मात्र हे नाव त्यांच्या स्वतःच्या रंगावरून मिळाले. हरितद्रव्यासोबत त्यांच्यात फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य असते. त्यांतील काही जाती विषारी आहेत हे खरे, पण नावातील ‘सायनो’ त्या विषाबद्दल काहीही सांगत नाही.

‘शैवाल’ की ‘जीवाणू’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बारवेच्या पायरीवर जे हिरवे आणि निसरडे ते शेवाळ, ही आपली बोलीतील समज दिसण्यावर आधारलेली आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनीही दीर्घकाळ तेच केले. परंतु या सजीवांच्या पेशीत केंद्रक नसते आणि त्यांची घडण जीवाणूंची असते. म्हणून रॉजर स्टेनियर यांच्यासारख्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांना जीवाणूंत गणण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. जनावरांना घालण्यासाठी आपल्याकडे खड्ड्यात जो अझोला वाढवतात, त्याचे पान चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आतील पोकळीत मण्यांच्या माळेसारखे धागे दिसतात. हवेतील नायट्रोजन बांधून अझोल्याला पुरवणारे हे धागे म्हणजे नीलहरित जीवाणूच होत. अझोला स्वतः मात्र नेचेवर्गीय वनस्पती आहे.

समुद्रात गेल्यावर ‘नील’ हे विशेषणही सैल पडते. अरबी समुद्रात उन्हाळ्याच्या सुमारास ट्रायकोडेस्मियम या नीलहरित जीवाणूचे तवंग येतात आणि ते लाकडाच्या भुशासारखे तपकिरी किंवा तांबूस दिसतात. तांबड्या समुद्राचे नाव त्यावरूनच पडले असावे असे मानणारेही आहेत. खुल्या समुद्राच्या वरच्या थरात नायट्रोजनची वानवा असते, आणि तिथे हवेतील नायट्रोजन बांधून हा जीव इतरांच्याही अन्नाची सोय करतो. प्रोक्लोरोकॉकस हा दुसरा सागरी नीलहरित जीवाणू तर जेमतेम ०.६ मायक्रोमीटरचा आहे. जगातील सर्वाधिक संख्येच्या प्रकाशसंश्लेषी सजीवांत त्याची गणना होते, तरी त्याची शास्त्रीय नोंद १९८८ मध्ये झाली. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षे दृष्टीआड राहिली, याचे मला फार नवल वाटते.

वर्गात सांगितलेल्या औषधाची हकीकतही नावाशी जोडलेली आहे. हिंदी महासागरातील डोलाबेला नावाच्या समुद्रगोगलगायीपासून जॉर्ज पेटिट यांच्या चमूने डोलास्टॅटिन १० हे अत्यंत प्रभावी संयुग वेगळे केले आणि १९८७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. संयुगाला नाव त्या प्राण्याचे मिळाले. पुढे २००१ मध्ये तेच संयुग थेट एका सागरी नीलहरित जीवाणूत सापडले, आणि प्राण्याच्या शरीरात ते त्याच्या खाण्यातून येत असावे हे स्पष्ट झाले. मूळ संयुग औषध म्हणून झेपण्यासारखे नव्हते. म्हणून त्याच्या धर्तीवर कृत्रिम रेणू तयार करून तो कर्कपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडण्यात आला, म्हणजे विष नेमके त्या पेशीत उतरावे. ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिन हे ते औषध अमेरिकेत २०११ मध्ये हॉजकिन लिम्फोमा या लसिकासंस्थेच्या कर्करोगावर संमत झाले. ‘समुद्री शेवाळापासून औषध’ असे लिहिल्यास या साऱ्या शोधातील नेमका कर्ता हरवतो, म्हणून माझा जीवाणू शब्दाविषयी आग्रह आहे.

तेव्हा विज्ञानलेखनात ‘नीलहरित जीवाणू’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजेच सायनोबॅक्टेरिया’ अशी जोड द्यावी. जैविक खताच्या संदर्भात शेतकरी ‘निळे-हिरवे शेवाळ’ म्हणतात. तो रूढ शब्द बोलण्यात खुशाल राहू द्यावा. तत्सम ‘नील’मधला नी दीर्घ, तर मराठी ‘निळा’मधला नि ऱ्हस्व. ‘जीवाणू’ हा पुल्लिंगी शब्द एकवचनात व अनेकवचनात सारखाच राहतो, हा जीवाणू आणि हे जीवाणू. शेवटचा णू दीर्घ, परंतु समासात तो पूर्वपदी आला की मूळ संस्कृत ‘अणु’प्रमाणे ऱ्हस्व होतो, म्हणून ‘जीवाणुशास्त्र’.