स्वस्त किराणा, महाग शेअर

प्रश्न : आमच्या जवळ दोन डिस्काउंट साखळ्यांची दुकानं आहेत. दोघीही स्वतःला ‘सर्वात स्वस्त’ म्हणवतात. खरं कोण, हे कसं ओळखायचं?

उत्तर : जाहिरातीत झळकणाऱ्या आठ-दहा वस्तू बाजूला ठेवा. गिऱ्हाईक आत यावं म्हणून त्या खरेदीभावात, कधी तोटा सोसूनही विकतात. त्याऐवजी मागच्या दोन महिन्यांची बिलं काढा आणि ज्यांवर सर्वात जास्त पैसे जातात अशा 25 वस्तू निवडा. प्रत्येकीपुढे महिन्याला किती लागते ते लिहा. मग एकाच आठवड्यात दोन्हीकडचे भाव टिपा. पाकिटाचे नव्हे, किलोचे किंवा लिटरचे. भावाला महिन्याच्या प्रमाणाने गुणून बेरीज केली की उत्तर मिळतं.

चुका होतात त्या मापात. एकीकडे तेलाची पिशवी 1 लिटरची, दुसरीकडे 1 किलोची, किंमत दोन्हींवर तीच. 1 लिटर खाद्यतेल भरतं साधारण 910 ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी सुमारे 9 टक्क्यांनी स्वस्त पडली. डबाबंद मालात पाणी निथळल्यानंतरचं वजन धरा. 1 किलोचं पाकीट गुपचूप 900 ग्रॅमचं झालं आणि किंमत तशीच राहिली, तर भाव 11 टक्के वाढला असं समजा.

दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडसाठी वेगळा रकाना करा. नामांकित ब्रँडशी त्याची तुलना करताना घटकांची यादी वाचा; ज्याचं वजन जास्त तो घटक सहसा आधी छापलेला असतो. पहिले तीन-चार घटक आणि त्यांचे टक्के जुळले, तर उरलेला फरक बराचसा वेष्टनाचा. आणि 25 पैकी सहा वस्तू एका दुकानात मिळतच नसतील, तर त्यांसाठीची दुसरी फेरीही त्याच दुकानाच्या खर्चात धरा.

प्रश्न : एवढं स्वस्त देणं त्यांना परवडतं कसं?

उत्तर : मुख्यतः कमी प्रकारचा माल ठेवून. मोठ्या सुपरमार्केटात तीस हजारांच्या आसपास प्रकार असतात, आल्डी या जर्मन डिस्काउंट साखळीसारख्या दुकानात दोनेक हजार. एकाच प्रकारच्या टोमॅटो सॉसची प्रचंड खरेदी झाली की पुरवठादाराकडून भाव पाडून घेता येतो. खोका वरून फाडून तसाच रॅकवर जातो, बाटल्या एकेक मांडत बसावं लागत नाही. पाकिटावर बारकोड दोन-तीन बाजूंना छापलेला असतो. कॅशियरला पाकीट फिरवावं लागत नाही, रांग भरभर सरकते. मधल्या रांगेत आठवडाभरापुरते ठेवलेले कपडे-अवजारं मात्र जपून! त्यांवरचा नफा किराण्यापेक्षा बहुधा जास्त असतो.

प्रश्न : दुकानात कायम गर्दी असते. मग शेअर घ्यावा का?

उत्तर : आधी शेअर आहे का ते पाहा. आल्डीच्या दोन्ही कंपन्या आणि लिडल या दुसऱ्या जर्मन साखळीचा मालक श्वार्त्स समूह शेअर बाजारात नाहीत. पोलंडची बिएद्रोन्का साखळी हवी असेल तर लिस्बनला नोंदलेल्या जेरोनिमो मार्टिन्सचा शेअर घ्यावा लागतो, आणि मग पोर्तुगाल व कोलंबियातली दुकानंही सोबत येतात. तुर्कस्तानची बिम आणि अमेरिकेची कॉस्टको यांचे शेअर थेट मिळतात. कॉस्टकोत खरेदीसाठी वार्षिक शुल्क भरून सभासद व्हावं लागतं, म्हणून तिचा हिशेब निराळाच आहे : 2024 च्या आर्थिक वर्षात सभासद-शुल्क सुमारे 4.8 अब्ज डॉलर जमलं आणि परिचालन नफा (व्याज आणि कर यांच्या आधीचा, धंद्यातला नफा) होता सुमारे 9.3 अब्ज. तिथे मालावरच्या नफ्याआधी सभासद नूतनीकरणाचे टक्के बघायला हवेत.

गर्दीवरून विक्री कळते, नफा नाही. वार्षिक अहवालातून तीन गोष्टी काढा. पहिली, जुन्या दुकानांच्या विक्रीतली वाढ. ती 6 टक्के असेल आणि महागाई 5, तर माल जेमतेम 1 टक्का जास्त खपला. जवळच नवं दुकान काढून कंपनी स्वतःचंच गिऱ्हाईक पळवते तेव्हाही हाच आकडा घसरतो. दुसरी, मालसाठ्याचे दिवस : सरासरी साठा भागिले विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले 365. तिसरी, पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी चुकते होतात. साठा 25 दिवसांत विकला जातो आणि देणं 45 दिवसांनी द्यायचं असेल, तर 20 दिवसांचं भांडवल फुकट वापरायला मिळतं. नवी दुकानं त्याच पैशावर निघतात. विक्री आटली की मात्र जुनी देणी नव्या देण्यांपेक्षा मोठी होतात आणि हाच पैसा उलटा वाहू लागतो.

भाड्याची आणि मालकीची दुकानं असलेल्या कंपन्यांची तुलना एबिटडावर (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) करू नका. 2019 पासून आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमानुसार बहुतेक भाडं घसारा आणि व्याज यांत जातं, त्यामुळे भाडेकरू कंपनीचा एबिटडा फुगलेला दिसतो. भाडं वजा करूनच आकडे शेजारी ठेवा.

प्रश्न : कंपनीचा ढोबळ नफा (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरतो तो) विक्रीच्या 14 वरून 15.5 टक्क्यांवर गेला. चांगलंच ना?

उत्तर : डिस्काउंट दुकानाच्या बाबतीत आम्ही आधी शंका घेऊ. कपडे-भांड्यांचा विक्रीतला वाटा वाढला असेल किंवा चोरी-नासधूस घटली असेल, तर ठीक. ही कारणं दिसत नसतील, तर तुमचा 25 वस्तूंचा तक्ता पुन्हा भरा. वर्षभरापूर्वी प्रतिस्पर्ध्यापेक्षा हे दुकान 8 टक्के स्वस्त होतं आणि आता 4, तर नफा गिऱ्हाइकाच्या पिशवीतून आला आहे. तो फार दिवस टिकत नाही. गर्दी पातळ व्हायला दोन-तीन तिमाह्या लागू शकतात, तोवर आकडे छानच दिसतात.

प्रश्न : कंपनी उत्तम आहे, पण पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर वार्षिक नफा) 50 आहे. घ्यावा?

उत्तर : नफा वर्षाला 15 टक्क्यांनी वाढला, तर पाच वर्षांत दुप्पट होतो. तोवर पीई 25 वर आला, तर शेअरचा भाव जिथल्या तिथे. हातात पडेल तो लाभांशच, आणि दुकानं वाढवण्याच्या घाईतल्या कंपन्या तो फारसा देत नाहीत.