‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’च्या चौथ्या सीझनवर समीक्षक नाराज का होते?

सरसकट नाराज नव्हते, मतं फाटली. ही एका विचित्र श्रीमंत कुटुंबाची अमेरिकी विनोदी मालिका. २००४ ला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेची एमी (अमेरिकेचा टीव्ही पुरस्कार) मिळवूनही प्रेक्षकांअभावी ती २००६ ला बंद पडली. २०१३ ला नेटफ्लिक्सवर परतली, पण नटांच्या तारखा जुळेनात. म्हणून १५ भाग, प्रत्येक एकेका पात्राचा. मालिकेतल्या ४ मेच्या ‘सिंको दे क्वात्रो’ या काल्पनिक जत्रेची तीच रात्र दरवेळी नव्या बाजूने दिसते! काहींना ही हुशारी भावली. बऱ्याच जणांना कुटुंबाची एकत्र जुगलबंदी हुकल्याची चुटपुट लागली. आम्हा सांगलीकरांना, नाटकवाल्या गावाला, ही चुटपुट लगेच कळते. २०१८ ला तोच माल कालक्रमाने लावून २२ भाग केले. भडंगाचा डबा मांडीवर घेऊन दोन्ही पाहिले. मला आधीचा गोंधळच बरा वाटला; सरळ केल्यावर जत्रेतली गंमतच गेली.