माळ्यावर सापडलेल्या तंबोऱ्याला किंमत किती येईल?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या माळ्यावर सापडलेला तंबोरा एका नामांकित गवयाचा आहे असं घरात सांगतात, तर संग्राहक त्याचे जास्त पैसे देतील का?

आधी एक करा. त्याला पॉलिश लावू नका. मी कोल्हापुरात जुनी वाद्यं दुरुस्त करतो. एक गृहस्थ असाच तंबोरा चकचकीत करून घेऊन आले होते. दांडीवरचे बोटांचे डाग, भोपळ्यावर कोरलेलं नाव, सगळं घासून साफ! ओळख पटवायला जे होतं तेच गेलं.

आपल्याकडे अडचण अशी की अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारी गवई होते, त्यामुळे गावातला प्रत्येक जुना तंबोरा 'खाँसाहेबांचा'च असतो. नुसत्या सांगण्याला गिऱ्हाईक दमडी देत नाही. त्याला जोड लागते. मैफलीचा फोटो, पत्र, कारागिराची पावती, असं काहीही चालतं. बीटल्सवाल्या जॉन लेननची बारा तारांची गिटार इंग्लंडमध्ये अशीच माळ्यावर पडली होती. जुन्या फोटोंतल्या लाकडाच्या रेषा तिच्याशी जुळल्या, म्हणून २०२४ मध्ये ती २८ लाख डॉलरच्या वर गेली. अमेरिकी रॉक गायक कर्ट कोबेनची मार्टिन कंपनीची गिटार २०२० मध्ये ६० लाख डॉलरना गेली. १९९३ च्या टीव्हीवरच्या त्या मैफलीत हीच गिटार त्याच्या हातात होती, ते अख्ख्या जगानं पाहिलंय. तसलीच दुसरी मार्टिन घ्या, याच्या पासंगालाही पुरणार नाही.

म्हणजे किंमत आवाजाची नसते. आवाजच हवा असेल तर मिरजेला जाऊन नवा करून घ्यावा, जवारी, म्हणजे तारांचा घुमणारा झंकार, तीही मनासारखी काढून देतात. स्ट्रॅडिव्हरीच्या व्हायोलिनची गोष्ट वेगळी, तिथे कारागीरच मोठा, आणि वाजवणारेही ती मागतात.

तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत फोटो शोधा. फोटोतल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचा आकार, खुंट्या, तबलीवरची (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरची) नक्षी ताडून बघा. एखादी चीर जुळली तर लॉटरीच समजा.

आणि हो, घोडी (तारा टेकतात ती पट्टी) किंवा नक्षी हस्तिदंताची निघाली तर विकायच्या भानगडीत पडू नका, त्या व्यापारावर बंदी आहे. शंभर वर्षांच्या वरचा असेल तर परदेशातल्या गिऱ्हाइकालाही परस्पर पाठवता येत नाही.