'अ टॅड', 'अ बिट' आणि 'अ स्मिजन' यांत फरक काय? ऑफिसच्या ईमेलमध्ये ते चालतात का?

तिन्हींचा शब्दकोशातील अर्थ 'थोडेसे' असाच आहे, आणि नेमक्या त्याच अर्थावर विसंबून मी एकदा तोंडघशी पडलो आहे.

लीड्समधील एका कंपनीत रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. विक्रीचा तिमाही अंदाज मी वरिष्ठांकडे पाठवला, तेव्हा त्यांचे एका ओळीचे उत्तर आले : 'द नंबर्स लुक अ टॅड ऑप्टिमिस्टिक.' टॅड म्हणजे किंचित, म्हणून मी प्रत्येक रकान्यातून दोन टक्के वजा केले आणि तोच तक्ता समाधानाने पुन्हा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी छापील प्रतीवरील शेवटच्या बेरजेवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि अत्यंत सौम्य आवाजात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू या का, असे विचारले.

माझे मेहुणे हा प्रसंग आजही चवीने सांगतात आणि इंग्रज माणूस आतल्या गाठीचा असतो, असा त्यावरून निष्कर्ष काढतात. मला तो साफ अमान्य आहे. 'जरा बोलायचे होते' असा निरोप त्यांनीच मला धाडला होता आणि त्या 'जरा'मध्ये गावच्या घराची अख्खी वाटणी मावली होती. तेव्हा मी त्यांना लबाड म्हटले नाही. हे शब्द माप सांगत नाहीत, बोलण्याची धार बोथट करतात.

वापराचे म्हणाल, तर 'बिट' हा 'बाइट'च्याच कुळातला, म्हणजे मुळात घास किंवा तुकडा. नामापूर्वी त्याला 'ऑफ' लागतो. 'टॅड' अमेरिकेतून आलेला असून तो 'लेट', 'एक्स्पेन्सिव्ह' अशा विशेषणांपूर्वी शोभतो. 'स्मिजन' मीठ-लोण्याच्या संगतीत बरा दिसतो. मापाच्या चमच्यांच्या काही संचांत तर टॅड म्हणजे पाव टीस्पून आणि स्मिजन म्हणजे 1/32 टीस्पून असते. 'क्वाइट अ फ्यू' मात्र यांच्या पंक्तीला बसवू नये; त्याचा अर्थ 'बरेच' असा होतो, मेहुणे काहीही म्हणोत.

ईमेलमध्ये सहकाऱ्यांशी 'अ बिट' खुशाल वापरावा, ग्राहकाला 'स्मिजन' लिहू नये आणि आकडा बदलून हवा असेल, तर सरळ आकडाच लिहावा. अर्थात, माझा अनुभव एकाच ब्रिटिश कार्यालयाचा आहे, आणि पाककृतीत 'अ स्मिजन ऑफ सॉल्ट' लिहिलेले असेल, तर तेथे मीठ खरोखरच कणभर घालायचे असते.