जंगलातून आणलेली गुच्छी (मोरेल नावाचं रानटी मशरूम) खरी आहे हे कसं ओळखायचं आणि ती शिजवायची कशी?

आधी प्रत्येक गुच्छी उभी चिरा. हिमाचल-काश्मीरकडे बर्फ वितळल्यावर, मार्च ते मेमध्ये उगवणारी खरी गुच्छी बाहेरून मधाच्या पोळ्यासारखी आणि टोपीपासून देठापर्यंत आत सलग पोकळ असते. आत कापसासारखा गर किंवा कप्पे दिसले, टोपीवर मेंदूसारख्या वळ्या असल्या, तर ती विषारी नकली. जरा जरी शंका आली तरी सरळ फेकून द्या, महाग असली तरी.

चिरल्यामुळे आतली माती आणि किडेही निघतात. वाळलेली गुच्छी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते रेताड पाणी टाकून द्या. मग तुपात कांद्यावर परतून झाकण ठेवून किमान 15 मिनिटं शिजवा. कच्ची राहिली तर उलट्या-जुलाब होतात, म्हणून पुलावावर नुसती वरून पेरू नका. पहिल्यांदा खाताना दोन-तीनच खा.